साक्षीदाराचे नाव

मुंबईचे बेट एकेकाळी ज्याच्याकडे खंडाने होते, त्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याला गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे कॅथलिक धर्मन्यायालयाने, १५८० साली दोषी ठरवले, तेव्हा त्याला मरून बारा वर्षे झाली होती. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहापासून पोर्तुगीज गव्हर्नरापर्यंत मोठमोठे लोक त्याच्या हातचे औषध घेत. १५६३ साली गोव्यात छापलेल्या त्याच्या ग्रंथामुळे इकडच्या औषधी वनस्पती युरोपातल्या वैद्यांना माहीत झाल्या. घराणे मूळचे ज्यू, बळजबरीने ख्रिस्ती झालेले. १५६८ साली तो वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गोव्यात जिवंत जाळले, आणि १५८० साली त्याची स्वतःची हाडे थडग्यातून उकरून जाळली. त्याच्याविरुद्धचा पुरावा कोणता, तर कोठडीत पडलेल्या नातेवाइकांचे जबाब. मोझेसचा धर्मच खरा असे गार्सिया म्हणत असे, हे त्याच्या मेहुण्याने सांगितले. आता आरोपीचे स्वतःचे उद्गार ऐकणाऱ्याची साक्ष आजच्या न्यायालयातही चालते, हे कोणी वकील लगेच म्हणेल. म्हणणे बरोबर आहे. पण आज तो ऐकणारा पिंजऱ्यात येतो, शपथ घेतो, आणि आरोपीचा वकील त्याला विचारतो की बाबा, हे कधी ऐकलेस, तिथे आणखी कोण होते, आणि हे सांगितलेस त्या दिवशी तू स्वतः कुठल्या तुरुंगात होतास? ओर्ताच्या बाबतीत हे विचारायला कोणी नव्हते. आणि तो जिवंत असता तरी त्याला विचारता आले नसते, कारण हे सांगितले कोणी, तेच त्याला कळले नसते.

गोव्याच्या इन्क्विझिशनबद्दल मराठीत बोलताना आपण सहसा छळ, अंधारकोठड्या आणि ऑतो-द-फेच्या, म्हणजे जाहीर शिक्षासोहळ्याच्या, मिरवणुका यांच्यापाशी थांबतो. त्या खऱ्याच होत्या. पण त्यामुळे हे न्यायालय म्हणजे झुंडशाही होती, कायदाकानून काही नव्हता, असा एक गैरसमज होतो. वस्तुस्थिती जवळजवळ उलटी आहे. १५६० पासून जुन्या गोव्यात आदिलशाही वाड्यात बसणारे हे न्यायालय त्या काळच्या मानाने फार नियमबद्ध होते. लोक त्या इमारतीला ‘व्हडलें घर’ म्हणत. कामकाज ‘रेजिमेंतो’ नावाच्या तपशीलवार नियमावलीनुसार चाले. १६४० ची नियमावली तर चांगला जाडजूड ग्रंथ आहे. प्रत्येक जबाब लेखनिक लिहून घेई. साक्षीदाराला पुन्हा बोलावून, दोन धर्मगुरूंच्या समक्ष जबाब वाचून दाखवून पक्का करून घेतला जाई. आरोपीला वकील दिला जाई. दप्तर इतके व्यवस्थित होते की १६२३ साली झुआंव देल्गादो फिगेइरा या इन्क्विझिटरने १५६१ पासूनच्या ३,८०० खटल्यांची सूची तयार केली, आणि ती लिस्बनला अजून आहे. म्हणूनच माझ्या मते ऐकीव पुरावा आणि उलटतपासणी यांच्याविषयी विचार करायला गोवा ही सर्वांत चांगली जागा आहे. नोंदी होत्या, शपथा होत्या, फेरतपासणी होती, वकील होता. नव्हती ती एकच गोष्ट: आरोप करणारा आणि आरोपी यांची समोरासमोर गाठ. ती एक काढून घेतल्यावर बाकीच्या सगळ्या खबरदाऱ्या कशा पोकळ झाल्या, ते इथे कागदोपत्री पाहायला मिळते.

साक्षीदाराचे नाव लपवण्याची पद्धत मुळात अपवाद म्हणून आली. तेराव्या शतकाच्या अखेरीस पोप आठवा बोनिफास याने असा नियम घालून दिला की आरोपी बलाढ्य असेल आणि त्याच्यापासून साक्षीदाराच्या जिवाला धोका असेल, तर नाव गुप्त ठेवावे. असा धोका नसेल तर मात्र इतर खटल्यांप्रमाणे नावे उघड करावीत. नियम वाचला तर समंजस वाटतो. एखाद्या सरदाराविरुद्ध बोलणाऱ्या गरिबाला संरक्षण हवेच. पोर्तुगालात १५३६ साली इन्क्विझिशन स्थापन झाले तेव्हा पहिली तीन वर्षे खटले साध्या फौजदारी पद्धतीने चालवावेत, अशीच पोपची अट होती. म्हणजे उघड पद्धत त्यांना माहीत नव्हती असे नाही. ती लिहून दिलेली होती आणि मुदत सरल्यावर ती सोडून दिली. गोव्यात न्यायालय आले तोवर अपवादाचा शिरस्ता झाला होता. बलाढ्य आरोपीपासून दुबळ्याला वाचवण्यासाठी काढलेली सवलत साष्टीतल्या एखाद्या नवख्रिस्ती कुणब्याच्या खटल्यातही जशीच्या तशी लागू होऊ लागली. ज्याच्याकडे ना शिपाई ना पैसा, त्याच्यापासून साक्षीदाराला कसले भय होते, हा प्रश्न विचारण्याची सोय नियमावलीत उरली नव्हती. पुढे १७७४ साली पोर्तुगालचा मंत्री पोंबाल याच्या काळात तिथल्या नव्या नियमावलीनेच ही गुप्तता अन्यायाची म्हणून रद्द केली, आणि त्याच वर्षी गोव्याचे न्यायालयही बंद केले. ते १७७८ साली पुन्हा उघडले आणि कायमचे मिटायला १८१२ साल उजाडले.

गुप्ततेचा पहिला परिणाम पुराव्याच्या प्रतवारीवर झाला. पाहिलेले किंवा ऐकलेले, जे काही ठाऊक असेल ते येऊन सांगा, असे फर्मान चर्चमधून वाचून दाखवले जाई. पाहणे आणि ऐकणे यांत फरक करायचा, तर कोणीतरी सांगणाऱ्याला खोदून विचारायला हवे, आणि ज्याला विचारण्याची सर्वाधिक गरज तो आरोपीच बाहेर ठेवलेला. १७३६ च्या एप्रिलमध्ये इन्क्विझिशनने एक आज्ञापत्र काढून स्थानिक ख्रिस्ती लोकांच्या कितीतरी चालीरीतींवर बंदी घातली. त्यात तुळस आहे, धोतर आहे, लग्नातली गाणी आहेत, आणि मिठाशिवाय भात शिजवून मग वरून मीठ घेणेही आहे. चुलीवरच्या भातात मीठ पडले की नाही, हे कोणाला ठाऊक असणार? शेजारणीला, मोलकरणीला, जावेला. असल्या गुन्ह्याचा साक्षीदार घरातला किंवा कुंपणापलीकडचाच असतो, आणि भाऊबंदकी काय असते हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. जबाब एकच, पण तो शेजारणीने दिला की जिच्याशी बांधावरून भांडण आहे त्या चुलत जावेने दिला, यावर त्याचे मोल ठरते. नाव झाकले की ते मोल करण्याचे मापच हरवते. न्यायाधीशाला नाव माहीत असे, हे खरे. पण त्या बांधाचे भांडण त्याला कोण सांगणार?

दुसरा परिणाम जास्त भयंकर, आणि तो चार्ल्स डेलाँ या फ्रेंच वैद्याने लिहून ठेवला आहे. डेलाँ दमणला राहत होता. बाप्तिस्म्याविषयी त्याने काही वाद घातला होता, दानपेटीवरच्या देवमातेच्या चित्राचे चुंबन घ्यायचे टाळले होते. दमणच्या गव्हर्नराचा मत्सर आपल्याला भोवला, असा त्याचा स्वतःचा समज होता. १६७३ च्या ऑगस्टमध्ये त्याला पकडले, पुढच्या जानेवारीत गोव्यात आणले, आणि जानेवारी १६७६ मधल्या ऑतो-द-फेत मिरवून पाच वर्षांच्या गुलामीची शिक्षा देऊन लिस्बनला धाडले. सुटल्यावर त्याने लिहिलेले पुस्तक १६८७ साली प्रसिद्ध झाले. त्यातला छळाचा भाग लोकांना आठवतो. मला मात्र चौकशीच्या रीतीचे वर्णन जास्त महत्त्वाचे वाटते. इन्क्विझिटर आरोप सांगत नसत. तुला का आणले ते तूच सांग, म्हणत. डेलाँ आपल्या आठवणीतली प्रत्येक बैठक, प्रत्येक वाद उकरून सांगू लागला. सांगितलेले त्यांच्याकडच्या जबाबाशी जुळले तर कबुली, न जुळले तर तो अजून काहीतरी लपवतो आहे. साक्षीपुरावा वाचून दाखवत, तोही नाव, ठिकाण, वेळ गाळून. गुन्हेगार ठरवायला सात साक्षीदार लागत, असे तो लिहितो, पण त्यांत कथित साथीदार मोजले जात आणि आरोपीच्या तोंडून काढलेली कबुलीसुद्धा एक साक्ष म्हणून धरली जाई.

ज्यू वंशाच्या ख्रिस्ती लोकांबद्दल त्याने जे लिहिले आहे, ते वाचून या यंत्राची रचना ध्यानात येते. अशा आरोपीला जीव वाचवायचा, तर गुन्हा कबूल करून त्यात सोबत असलेल्यांची नावे द्यावी लागत. आपल्यावर कोणी जबाब दिला हे माहीत नाही. ज्याने दिला त्याचे नाव आपल्या यादीत आले नाही तर कबुली अपुरी ठरणार. मग तो बिचारा ओळखीच्या प्रत्येकाचे नाव घेई: भाऊ, सासरा, शेजारी, व्यापारातला भागीदार. ही नावे म्हणजे नवे आरोपी आणि त्याचा जबाब म्हणजे त्यांच्याविरुद्धचा पुरावा. ते पकडले गेले की तेही तसेच चाचपडत नावे घेत. असे सात जबाब जमले म्हणजे सात स्वतंत्र माणसांनी सात वेळा काही पाहिले असे नव्हे. एकाच भीतीने ते एकमेकांपासून काढलेले असत. साक्षीदारांची संख्या वाढवणे हा खोट्यावरचा उपाय मानला जातो, आणि एरवी तो उपाय चांगला आहे. इथे संख्या जितकी मोठी, तितकी भीती पसरलेली, एवढाच तिचा अर्थ उरला होता.

याला एक गंभीर उत्तर इन्क्विझिशनच्या बाजूने देता येते. नियमावलीत ‘कोंत्रादितास’ नावाची तरतूद होती. आरोपीने आपल्या वैऱ्यांची नावे आणि वैराची कारणे द्यावीत, त्यासाठी स्वतःचे साक्षीदार द्यावेत; त्या यादीतले नाव जर गुप्त साक्षीदाराचे निघाले, तर त्याच्या साक्षीचे वजन कमी होई. काही लोकांना याचा फायदा झालाही. तेव्हा आरोपीला बचावच नव्हता, हे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण या बचावाने होते काय, ते पाहा. ज्या वैऱ्याचे वैर आपल्याला ठाऊक आहे, तोच या यादीत येऊ शकतो. ज्याने मनात डूख धरला आहे, जो घाबरून बोलला, ज्याला ऐकण्यात चूक झाली, किंवा ज्याने तिसऱ्याच माणसाचे बोलणे स्वतः ऐकले म्हणून ठोकून दिले, तो या चाळणीतून सहज पार होतो. खोटे बोलणारा साक्षीदार तुलनेने विरळाच. चुकीचे ऐकणारा, अर्धवट आठवणारा आणि आठवणीतली भोके तर्काने बुजवणारा फार. त्याला पकडायला वैराची यादी कामाची नाही, प्रश्न लागतो, आणि तो प्रश्न त्या प्रसंगी हजर असलेल्यालाच सुचतो. शिवाय वकील न्यायालयानेच नेमलेला, आणि मूळ कागद त्यालाही दाखवत नसत.

आता कोणी मलाच अडवील. तुमचा सगळा भरवसा डेलाँवर, आणि डेलाँ हा दुखावलेला कैदी. त्याचे पुस्तक प्रॉटेस्टंट देशांत कॅथलिकांविरुद्ध प्रचारासाठी वापरले गेले. गोव्यातले बहुतेक दप्तर न्यायालय मिटल्यावर नष्ट झाले. म्हणजे आरोपीच्या गैरहजेरीत एका रागावलेल्या साक्षीदाराच्या तोंडी पुराव्यावर तुम्ही इन्क्विझिशनला दोषी ठरवता, हे काय वेगळे? आक्षेप मार्मिक आहे. अनंत काकबा प्रियोळकर यांनी १९६१ साली इन्क्विझिशनवरचे आपले पुस्तक लिहिले, तेव्हा डेलाँचा वृत्तांत त्यात छापला, पण एकट्या त्याच्यावर ते विसंबले नाहीत. मीही इथे जे म्हणतो आहे त्याचा आधार मुख्यतः नियमावलीच्या मजकुरात आहे. नाव, ठिकाण आणि वेळ गाळण्याची रीत इन्क्विझिशनने स्वतःच छापून ठेवली आहे. शिवाय डेलाँची एक प्रकारे उलटतपासणीही झाली. १८०८ साली क्लॉडियस ब्युकॅनन हा स्कॉटिश पाद्री त्याचे पुस्तक घेऊन गोव्यात गेला आणि एका इन्क्विझिटरच्याच घरी उतरला. यजमानाने ते वाचले. कोठड्या, चौकशीची रीत, मिरवणूक यांची वर्णने साधारण बरोबर आहेत, लेखकाने आमच्या हेतूंविषयी मात्र अन्याय केला आहे, असे त्याने सांगितले. हे आपल्याला ब्युकॅनन सांगतो, म्हणजे हाही ऐकीवच पुरावा, हे कबूल. इतिहासकाराला ऐकीवाशिवाय गत्यंतर नसते. त्याच्या निकालाने कोणाची मान जात नाही आणि उद्या नवा कागद सापडला तर निकाल फिरवता येतो, म्हणून त्याला ते परवडते.

समोरासमोर साक्ष ही इंग्रजांची देणगी, असे आपल्याकडच्या कायद्याच्या पुस्तकांतून ध्वनित होते. पण इंग्लंडची पाटीही पुष्कळ काळ स्वच्छ नव्हती. १६०३ च्या नोव्हेंबरात विंचेस्टरला वॉल्टर रॅलीवर राजद्रोहाचा खटला चालला, त्यातला मुख्य पुरावा म्हणजे लॉर्ड कोबॅम या कैदेतल्या सहआरोपीचा लेखी जबाब. कोबॅमने तो एकदा मागे घेतला होता, मग पुन्हा फिरवला होता. त्याला माझ्यासमोर आणा, एवढीच रॅलीची मागणी होती, ती नाकारली. साक्षीदार हजर केल्याशिवाय शिक्षा द्यायची नाही म्हटले तर कितीतरी घोडेचोर सुटतील, असे एक न्यायाधीश म्हणाला. भर म्हणून डायर नावाचा तांडेल उभा केला. लिस्बनमध्ये एका पोर्तुगीज गृहस्थाने, राजाचा गळा रॅली आणि कोबॅम कापणार आहेत, असे सांगितल्याचे त्याने सांगितले. त्या गृहस्थाचे नावगाव काही नाही. तरी रॅली दोषी ठरला, आणि पंधरा वर्षांनी त्याच शिक्षेपोटी त्याचे डोके उडवले. इंग्रजी कायद्याने पुढे या खटल्याची लाज धरली, अमेरिकेने १७९१ मध्ये समोरासमोर साक्षीचा हक्क घटनेत घातला. फिट्झजेम्स स्टीफनने १८७२ चा आपला पुरावा कायदा लिहिला, त्याच्या ६० व्या कलमात तोंडी पुरावा प्रत्यक्ष असावा, पाहिलेल्याने पाहिलेले आणि ऐकलेल्याने ऐकलेले सांगावे, हे आले. पण त्याच्या कितीतरी आधी, गोव्याच्या हद्दीला लागून असलेल्या मराठी मुलखात वतनाचे तंटे गोतसभेपुढे देवळात चालत. दोन्ही पक्षांची तकरीर लिहून घेत, गोताचा निवाडा मानीन असे राजीनामे आणि जामीन घेत, साक्षीदार गावासमोर बोलत, आणि निवाड्याच्या महजरावर हजर असलेल्यांची नावे लिहिली जात. या पद्धतीला डोक्यावर घ्यायचे कारण नाही. जातीची उतरंड तिच्यात पुरेपूर होती, आणि साक्षीने निकाल लागला नाही की तापल्या लोखंडाचे किंवा तेलाचे दिव्य होते. पण कोण काय बोलले हे झाकायचे नाही, एवढे तिला उमगले होते, आणि शेजारच्या विद्वान न्यायालयाला ते उमगले नव्हते.

सर्वांत जड आक्षेप आजचा आहे. साक्षीदाराला खरोखरच मारतात. टोळीयुद्धात, दहशतवादाच्या खटल्यात, गावातल्या दबंगाविरुद्ध उभे राहायला माणूस मिळत नाही. आणि बलात्काराच्या खटल्यात उलटतपासणीच्या नावाखाली बाईची अब्रू पुन्हा वेशीवर टांगली जाते. यातल्या दुसऱ्या गोष्टीवर २००३ साली उपाय झाला आणि पीडितेच्या चारित्र्यावर प्रश्न विचारण्याची वाट बंद झाली. प्रश्न कोणते चालतील यावर बंधन घालणे योग्यच. त्याने प्रश्न विचारण्याचा हक्क जात नाही. समोरासमोर म्हणजे एकाच खोलीत, असेही धरून बसण्याचे कारण नाही. महाराष्ट्र सरकार विरुद्ध प्रफुल्ल देसाई या २००३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अमेरिकेतल्या डॉक्टरची साक्ष व्हिडिओवरून घ्यायला परवानगी दिली. २०१८ च्या साक्षीदार संरक्षण योजनेत पडदा आहे, बदललेला आवाज आहे, पोलीस बंदोबस्त आहे. हे सगळे साक्षीदाराचा जीव राखते आणि त्याला प्रश्नांपुढेही उभे करते.

टाडा या दहशतवादविरोधी कायद्याची गोष्ट निराळी होती. त्याच्या १६ व्या कलमाने साक्षीदाराची ओळख आरोपीपासून लपवण्याचा अधिकार न्यायालयाला दिला, आणि १५ व्या कलमाने बड्या पोलीस अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब ग्राह्य ठरवला, तोही सहआरोपीविरुद्धसुद्धा. मुंबईच्या १९९३ च्या बॉम्बस्फोट खटल्यात असे कबुलीजबाब हा पुराव्याचा मोठा भाग होता. तो गुन्हा किती भीषण होता हे सांगायला नको, आणि त्यातले दोषी निर्दोष होते असेही मला सुचवायचे नाही. कोबॅमचा कागद आणि सहआरोपीचा कबुलीजबाब यांची जात एक आहे, इतकेच दाखवायचे आहे: बोलणारा बंदिवान आहे, आणि ज्याच्याविरुद्ध तो बोलतो त्याला तो साक्षीदार म्हणून सापडत नाही. कर्तारसिंग खटल्यात १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने १६ वे कलम वैध ठरवले, मात्र खटला सुरू होण्यापूर्वी नावे उघड व्हावीत, सबळ कारण असेल तरच नाही, असे म्हटले. बोनिफासनेही जवळजवळ हेच म्हटले होते. तेव्हा पाहायचे ते एवढेच की ‘सबळ कारण’ प्रत्येक साक्षीदारासाठी वेगळे तपासले जाते की कायद्याचे नाव दिसले की गृहीत धरले जाते. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने कोस्तोव्स्की (१९८९) आणि डूर्सन (१९९६) या दोन डच खटल्यांतून आणखी एक रेषा आखली: निनावी साक्ष घेतली तरी, केवळ तिच्यावर किंवा मुख्यतः तिच्यावर शिक्षा उभी करता येणार नाही. टाडाच्या कलमात ही अट नव्हती, त्यानंतरच्या ‘पोटा’ या दहशतवादविरोधी कायद्यात नव्हती, आणि त्यांची जागा घेणाऱ्या कायद्यांत गुप्ततेची तरतूद जशीच्या तशी आली, अट मात्र अजून आलेली नाही.